वॉर्ड कोणाचा, सुनंदा?

सुनंदा, काल तुझी शोकसभा झाली. मी बोलले, आणि व्यासपीठावरून उतरले तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि तो ओट्यावरच निवतो. गॅलरीत जाते, परत आत येते. सोसायटीच्या गेटवर तुझा मोठा फ्लेक्स लावलाय, तो गॅलरीतून सरळ दिसतो. फोटो बरा निवडलाय. त्यात तू हसत नाहीस, कोणाचं तरी ऐकून घेते आहेस. पण खाली हात जोडलेले तुझे मिस्टर, आपले भाऊ आहेत, आणि वरच्या बाजूला पक्षाचे साहेब लोक रांगेनं. गेलेल्या बाईच्या फ्लेक्सवरसुद्धा जिवंत पुरुषांचीच गर्दी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं, जागा रिकामी राहिली म्हणून लावले असतील. तुला काय त्रास आहे?"

मला त्रास आहे. तो मला पहिल्यापासून आहे आणि तू तो कधी मनावर घेतला नाहीस. माझं तू कधीच काही ऐकलं नाहीस, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होते. काल जे झालं त्यानंतर सगळं पहिल्यापासून पुन्हा लावून बघते आहे. तुला ठाऊक असलेलंच सांगणार आहे, तरी ऐक.

कोपरच्या त्या चाळीत आपण दोघी लग्न होऊन आलो, भिंतीला भिंत लागून. मी शाळेत शिकवायचे, तू ब्लाउज शिवायचीस. तुझे यजमान वसंतराव म्हणजे चाळीचे भाऊ. गणपती मंडळ, रक्तदान शिबिर, कोणाच्या नळाची तक्रार, कोणाच्या मुलाचा दाखला, सगळीकडे भाऊ. पक्षासाठी चपला झिजवल्या त्यांनी, खोटं कशाला बोलू. यंदा तिकीट भाऊंनाच, असं सगळे धरून चालले होते, आणि सोडतीत वॉर्ड महिला राखीव झाला. त्या संध्याकाळी चाळीत सुतक पडल्यासारखं होतं. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, मग वहिनींना उभं करा की." लगेच सगळ्यांचे चेहरे उजळले. तू आत हुक लावत बसली होतीस. भाऊ आत आले आणि म्हणाले, "फक्त सही करायची आहे." मी भिंतीपलीकडून ऐकलं. चाळीत त्याला चोरून ऐकणं म्हणत नाहीत.

प्रचारात तू हात जोडायचीस आणि भाऊ बोलायचे. म्हाताऱ्या बायका विचारायच्या, "वसंताच्या नावाचं बटन कंचं गं?" तू शांतपणे त्यांना तुझं चिन्ह दाखवायचीस. तू निवडून आलीस. मतमोजणीच्या दिवशी बाहेर ढोल-ताशा तयारच होता. निकाल जाहीर झाला आणि पोरांनी भाऊंना खांद्यावर उचललं, हार घातले, गुलाल उधळला, आणि मिरवणूक निघाली. त्या वेळी तू आत प्रमाणपत्रासाठी सह्या करत होतीस. आपण दोघी बाहेर आलो तर मैदान मोकळं. गुलाल सांडलेला, लवंगी फटाक्यांचे कागद, आणि कोणाची तरी सुटलेली एक चप्पल. निवडून आलेल्या उमेदवाराला मागे ठेवून मिरवणूक निघून गेली होती आणि एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, मला राग त्याचाच आला. त्यांच्या लेखी जिंकलेला माणूस खांद्यावर होता.

आपण रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "ताई, फिरून जावं लागेल. पुढं कोणाची तरी मिरवणूक आहे, कोण आलंय निवडून कोणास ठाऊक."

"जाऊ दे फिरून," तू म्हणालीस.

तू हसायला लागलीस, हसता हसता पदरानं डोळे पुसलेस, आणि थोड्या वेळानं मला विचारलंस, "शैला, आता हापिसात कधीपासून जायचं असतं गं?" तेव्हा मी तुला मूर्खात काढलं होतं. इतका अपमान झाला आणि ही ऑफिसची वेळ विचारतेय, असं मला वाटलं. नंतर कळलं की त्या मैदानातून तू एकटीच कामाला लागली होतीस, बाकी सगळे नाचत होते.

वरच्या अंगाच्या चाळींना पाणी चढत नव्हतं. भाऊंची पद्धत फोनची. आवाज चढवायचा, दम द्यायचा आणि बाहेर येऊन सांगायचं, "झालं काम." पाणी काही यायचं नाही. तू पाणीखात्यात गेलीस, तर साहेब साइटवर. परत गेलीस, तर साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या वेळी तू पिशवीत मेथीच्या जुड्या घेऊन गेलीस. केबिनमध्ये टेबलासमोर खुर्ची ओढलीस, मांडीवर पेपर पसरलास आणि मेथी निवडायला लागलीस. शिपाई घाबरला. "ताई, इथं भाजी?"

"घरीच निवडणार होते रे, पण धुवायला पाणी कुठाय? साहेब आले की जाते मी."

साहेब आले तेव्हा केबिनभर मेथीचा वास होता. तू तक्रार केली नाहीस, आवाज चढवला नाहीस. देठं एका बाजूला सारून म्हणालीस, "बसा साहेब, तुमचंच ऑफिस आहे." दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवायला माणूस आला. मग तीच तुझी रीत झाली. गटारासाठी गवार, दिव्यांसाठी वाल. पुढे पुढे अधिकारीच विचारायचे, "ताई, आज कुठली भाजी?" आणि तू म्हणायचीस, "आज मटार सोलायचेत साहेब, वेळ लागेल." म्हणजे काम मोठं आहे हे ते समजून घ्यायचे. कल्याणला महापालिकेच्या मुख्य कचेरीतल्या किती टेबलांवर तू भाजी निवडली असशील. मला कुठे दहा मिनिटं थांबायचं झालं तरी पाय वळवळतात, आणि तू दिवस दिवस बसायचीस.

मी तुला भाषणं लिहून द्यायचे. चांगली लिहायचे, शाळेतल्या वक्तृत्वाच्या ढाली काही उगाच नाही मिळाल्या. सभागृहात तू माझं पहिलं वाक्य वाचायचीस, मग कागदाची घडी घालायचीस आणि म्हणायचीस, "बाकी बाईंनी छान लिहिलंय, पण मला पाण्याचं बोलायचंय." सगळे हसायचे. मी घरी येऊन तुझ्याशी अबोला धरायचे आणि तू वाटीतून काहीतरी घेऊन यायचीस.

आणि ते फ्लेक्स. वाढदिवस तुझा, फोटो भाऊंचा मोठा. मी म्हणायचे, काढायला लाव. तू म्हणायचीस, "फोटो त्यांचा असू दे गं, सही माझी आहे." याच्यावर आपण किती भांडलो. तू अन्याय सोसतेस आणि त्याला गोड नाव देतेस, असं मी म्हणायचे. तुझं म्हणणं, घरातला एक माणूस रुसला की दिवस त्याची समजूत काढण्यात जातो, आणि तेवढ्यात वॉर्डाचं पाणी राहतं.

पुढच्या सोडतीत वॉर्ड खुला झाला. भाऊंनी झब्बे शिवायला टाकले. तुझे कष्ट झाले, आता तू विश्रांती घे, असं त्यांनी तुला अगदी प्रेमानं सांगितलं. त्या दुपारी तू माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, "शैला, मी अपक्ष भरू का?" मी हो म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की शेजारचं मूल झोपेतून उठलं. तू अर्ज भरलास म्हटल्यावर पक्षानं भाऊंनाही तिकीट दिलं नाही. नवरा-बायकोची लढत शोभत नाही म्हणून तिसऱ्यालाच उभं केलं, आणि त्याच्या प्रचाराला भाऊंना जुंपलं. सकाळी तू भाऊंना पोळी-भाजीचा डबा करून द्यायचीस, ते तो घेऊन तुझ्याविरुद्ध प्रचाराला जायचे. डब्यात मीठ कमी-जास्त कधी झालं नाही, हे भाऊंनी स्वतः मला सांगितलंय. तू थोडक्या मतांनी निवडून आलीस. या वेळी खांद्यावर कोणीच नव्हतं, बायका तुझ्याबरोबर चालत होत्या. चाळीच्या तोंडाशी भाऊ उभे होते. त्यांच्या कपाळाला गुलाल तू लावलास. मला ते आवडलं नाही, आणि अजूनही आवडत नाही.

मग मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक आले. तू माजी झालीस. माणसं येतच राहिली, तुझी पिशवीही चालूच राहिली. या माजीपणाच्या काळातच आपलं ते शेवटचं भांडण सुरू झालं, जे तू अर्ध्यावर टाकून गेलीस. एक दिवस सहज म्हणालीस, "मयुरी हुशार आहे गं." मयुरी म्हणजे तुझी सून, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी, कमी बोलणारी. मला लगेच कळलं तुझा रोख कुठे आहे. मी म्हटलं, "वॉर्ड म्हणजे काय पाटल्या आहेत, सासूनं काढून सुनेच्या हातात घालायला? मग त्या बाकीच्या घराण्यांत आणि तुझ्यात फरक काय? बचतगटातल्या बायका आहेत, त्यांच्यातली कोणी उभी कर."

"मी तरी कशी आले? कोणाची तरी बायको म्हणूनच ना?"

"म्हणूनच सांगतेय."

"मग मी आले ते वाईट झालं का?"

मी नुसता आवाज वाढवला. नंतर तू आजारी पडलीस, डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा ठाण्याला न्यावं लागायचं, मयुरी रजा टाकून न्यायची, कधी मी यायचे. तुझ्या हाताला त्या नळ्या बघून माझ्यानं भांडवेना. विषय काढलाच नाही आपण पुन्हा. मला वाटलं, वेळ आहे. तू उठून बसशील, चार शिव्या घालशील, मग बघू.

तू गेलीस, आणि दहाव्यानंतर भाऊ माझ्या घरी आले. खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "बाई, शोकसभेत तुम्ही बोला. मयुरीनं उभं राहावं ही तिची शेवटची इच्छा होती, एवढं सांगा. तुम्ही सांगितलंत की लोक मानतील."

"भाऊ, ती मला असं काही म्हणाली नाही."

"म्हणाली नसेल. पण असेलच ना."

चाळीत ऐकलेलं ते 'फक्त सही करायची आहे' माझ्या कानात वाजायला लागलं. तुझ्या बाबतीत तुला विचारलं नव्हतं, आता पोरीला विचारायचं नव्हतं, आणि या वेळी सही माझ्या जिभेची हवी होती. मी चांगलं खडसावणार होते. पण ते उठताना म्हणाले, "माझं काय आता, बाई. भाजीवाला मला ओळखतो तो ताईंचे मिस्टर म्हणून." हे ते चिडून म्हणाले की अभिमानानं, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. त्यांच्यावर इतकी वर्षं सांभाळलेला राग मला त्या दिवशी पुरला नाही, सुनंदा, आणि त्याचाही मला राग आला.

काल हॉल भरला होता. बाहेरच्या जिन्यावर माणसं उभी होती. एकापाठोपाठ एक पुढारी बोलले. ताईंच्या पाठीशी भाऊ खंबीरपणे उभे राहिले, असं प्रत्येकानं सांगितलं. जो तिसरा तुझ्याविरुद्ध उभा होता, त्यालाही बहिणीसारखी होतीस म्हणे तू. माझं नाव पुकारलं तेव्हा भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मयुरी बायकांच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. मी कागद नेला होता, तो उघडला नाही. मी म्हणाले, "सुनंदाच्या शेवटच्या इच्छेबद्दल मला खूप जणांनी विचारलं. तिनं माझ्याजवळ कुठलीही इच्छा बोलून दाखवलेली नाही. तेव्हा तिच्या तोंडी कोणी वाक्य घालू नये. मी जन्मभर घालून बघितली, तिनं पहिल्यापलीकडे एकही घेतलं नाही. वॉर्ड तिचा नव्हता, तिच्या घरचाही नाही. तो ज्यांचा आहे ते ठरवतील."

लोक हसले, आणि मग टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. भाऊ जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, मी तुझं नाव राखलं. एका बाईला बळी जाण्यापासून वाचवलं. खरं सांगते, मला थोडा अभिमानसुद्धा वाटला.

चपला शोधत होते तिथे मयुरी आली. "मावशी, तुम्ही खोटं नाही बोललात," ती म्हणाली. "पण आई मला म्हणालेल्या."

"काय म्हणाली?"

"ठाण्याला, मशीन चालू असताना. उभी राहशील का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला नाही जमणार. तर म्हणाल्या, मग तूच चालशील, मला भीती 'जमेल' म्हणणाऱ्यांची वाटते." तिनं आजूबाजूला बघून घेतलं. "एक अट घातली. त्यांचा फोटो कुठे लावायचा नाही. त्यांची सून म्हणून मत मागायचं नाही. पडले तर पडले. बाबांना नाही सांगितलंय मी अजून."

मी चपलेत पाय घालायला विसरले. म्हणजे तू माझं ऐकलं होतंस. पाटल्यांचं बोलणं तू नुसतं ऐकून सोडलं नव्हतंस, नळ्या टोचलेल्या हातानं तू त्यातून वाट काढली होतीस. मी मयुरीला विचारलं, मग सभेत गप्प का बसलीस? "तिथं बोलले असते तर त्यांचा फोटो लावल्यासारखंच झालं असतं ना, मावशी," ती म्हणाली. तुझी निवड चुकली नाही, एवढं मी त्याच क्षणी मनात म्हणून टाकलं. तिला सांगितलं नाही.

पण मला दुसरंच हवं होतं. "मला का नाही सांगितलं तिनं? मला?" मी विचारलं, आणि माझा आवाज असा निघाला की जिन्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मयुरी सांगू की नको करत होती. मग म्हणाली, "म्हणाल्या, शैला नाही म्हणेल. आणि शैलाचं 'नाही' मोडून मी आजवर काही केलेलं नाही. म्हणून तिला विचारणारच नाहीये."

तेव्हापासून मी घरात फेऱ्या मारते आहे. सत्तेतल्या गटानं तुला सभापतिपद देऊ केलं होतं, मी नको म्हणाले होते, आणि तू त्यांच्याकडे गेली नाहीस. मला वाटलं, तुझं तूच ठरवलंस. चाळीच्या जागी इमारत उभी राहताना बिल्डरनं तुला वरच्या मजल्याची मोठी जागा दाखवली, मी तोंड वाकडं केलं, आणि तू सगळ्यांसारखीच चिठ्ठी उचललीस. एकदा थकून राजीनामा द्यायला निघाली होतीस. मी दारात उभी राहिले. तू परत फिरलीस आणि चिंच सोलायला बसलीस. मी हे सगळं तुझ्या स्वभावात जमा करत आले. माझी भाषणं घडी घालून ठेवायचीस ना, म्हणून मला वाटायचं, माझं काहीच पोचत नाही. अगं, मग सांगायचं नाही का? माझ्या एका शब्दावर तू पदं सोडत होतीस, हे कळलं असतं तर मी शब्द जपून वापरले असते. कदाचित म्हणूनच सांगितलं नसशील. आणि जाताना मात्र बरोबर डाव टाकलास, मला न विचारता. पहिल्यांदाच. माझ्याशी भांडायला न येता निघून गेलीस, याचं मी आता काय करू? तू समोर असतीस तर तुला गदगदा हलवलं असतं, आणि मग तुझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले असते. सरळ सांगते, तुझ्याशिवाय मला करमत नाही. या वॉर्डात इतकी माणसं आहेत आणि भांडायला एक नाही.

मयुरी उद्या सकाळी येणार आहे. भाऊंना सांगायच्या आधी तिला माझ्याशी बोलायचंय, उभं राहू का म्हणून विचारायचंय. मी तिला नाही म्हणणार आहे, अगदी तुला म्हणायचे तसं, मान हलवून, कारणांसकट. बघू या, तिला ते मोडता येतं का.